बोटांच्या ओळखीचं पुस्तक

मला मदत केली ती मास्तरांनी. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे त्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल बरंच काही येणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होईल अशी मला भीती वाटते. मला भीती लवकर वाटते. मास्तरांच्या खालोखाल त्यांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, आणि पुण्याहून आलेल्या प्रोग्रामर साहेबांनीही मदत केली. पण साहेब नसते तर मला थोडा उशीर झाला असता एवढंच. मास्तर नसते तर मी आज नागपुरात नसते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नाही. धरमपेठेत ज्या कचेरीत मी नोकरीला लागले तिथल्या मशीनखोलीचे ते प्रमुख होते आणि त्यांना मास्तर कोण पहिल्यांदा म्हणालं हे त्यांनाही आठवत नव्हतं. कचेरीचं काम असं, की लोकांचे पगार, बिलं, साठ्याचे हिशेब आमच्याकडे कागदावर येत आणि कॉम्प्युटरवर तयार होऊन परत जात. त्या कॉम्प्युटरला कागद वाचता येत नसे. म्हणून आम्ही मुली टाइपरायटरसारख्या मशीनवर बसून कागदावरचा मजकूर जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवत असू. त्याला पंचिंग म्हणत. कार्डांचे गठ्ठे मग मास्तरांच्या खोलीत जात. तिथे एक लांबलचक छाननीचं मशीन होतं, ते पत्ते पिसल्यासारखा आवाज करत कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचं, आणि पलीकडे काचेआड कॉम्प्युटर.

सगळ्या इमारतीत वातानुकूलित खोली तेवढी एकच. त्यामुळे मे महिन्यात मास्तरांच्या खोलीत लोकांना भलती कामं निघत. हिशेबनीस येत, शिपाई येत, खालच्या मजल्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालकसुद्धा यायचा. मास्तर दारातच विचारत, "काम आहे का हवा खायले आला?" हवा खायला आलो असं जो कबूल करील त्याला बसू देत. काम आहे म्हणणाऱ्याला काम दाखवायला लावत. स्वतः ते बारा महिने हातविणीचा राखाडी स्वेटर घालून बसत, आणि संध्याकाळी तोच स्वेटर काढून पिशवीत घालून, कानाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून सायकलवरून महाल नावाच्या जुन्या वस्तीत घरी जात. कांदा उन्हासाठी. थंडीतही तो त्यांच्या खिशात असे. विचारलं तर म्हणत, "आता सवय झाली त्याले."

मी मालवणकडची. शाळा नववीत सुटली. खाडीपलीकडे शाळा होती, आईचं दुखणं घरात होतं, आणि धाकटी भावंडं होती. त्यात कुणाचा दोष नाही. मामांची बदली नागपूरला झाली तेव्हा त्यांनी मला बरोबर आणलं, टायपिंगच्या वर्गात घातलं आणि इथे चिकटवलं. मग मामांची बदली रायपूरला झाली आणि मी एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. घरच्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. नोकरी आहे तोवर राहा, गेली की परत ये. तिकडे एक स्थळ माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी काजूच्या बिया भाजून फोडायचं काम चालायचं, आणि त्या घरातल्या बायकांचे हात चिकाने भाजून काळे कसे होतात ते मी पाहिलं होतं.

आम्हा पंचिंगवाल्यांचा एकच नियम होता. कागदावर दिसेल ते पाडायचं, मन घालायचं नाही. कुणी पगाराच्या जागी वेडावाकडा आकडा लिहिला असेल तरी तोच पाडायचा. चूक असेल तर ती लिहिणाऱ्याची. आमच्यातल्या एकीने एकदा एका गृहस्थाचं आडनाव स्वतःच्या अकलेने सुधारलं, तर त्याचं बिल दुसऱ्याच घरी गेलं आणि तिला आठवडाभर बोलणी बसली. तेव्हापासून मी डोळे आणि बोटं यांच्यामध्ये डोकं येऊच देत नसे. हे मला चांगलं जमलं होतं. प्रोग्रामर लोकांचे प्रोग्रामसुद्धा आम्हीच पाडायचो. ते चौकटीचौकटींच्या कागदावर, ज्याला शीट म्हणत, कोबोल नावाच्या भाषेत इंग्रजी वाक्यं लिहून देत. दोन-तीन वर्षं मी ती वाक्यं पाडत होते. लांबलांब इंग्रजी शब्द माझी बोटं न चुकता काढत, आणि त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

मग एका सोमवारी मॅनेजर साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की वर्षअखेरीला पंचिंग आणि छाननी दोन्ही बंद होणार. नवीन यंत्रं येणार, त्यात कार्डं नाहीत. दोन्ही विभागांतल्या सगळ्यांनी कोबोलची परीक्षा द्यायची. पास होतील त्यांना प्रोग्रामिंगकडे घेऊ. बाकीच्यांचं पाहू. 'पाहू' म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं.

मी त्या दिवशी मशीनखोलीत गेले ती गठ्ठा ठेवायला. गठ्ठा ठेवून तशीच उभी राहिले.

"काम आहे का हवा?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, कोबोलसाठी कुठलं पुस्तक घ्यावं?"

त्यांनी हातातली कार्डं खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना कचेरीत सगळेच विचारत, हे मला नंतर समजलं. "मले कोबोल येत नाही," ते म्हणाले. "म्हूनच बरोबर मानसाले इचारलं तू."

हे खोटं नव्हतं. त्यांच्या महालातल्या घरात बैठकीच्या खोलीत एक कपाट होतं आणि त्यात प्रोग्रामिंगची पुस्तकं होती. कोबोलची, फोर्ट्रानची, आणखी कसली कसली. काही विकत घेतलेली, काही पुलगावच्या रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. मास्तरांनी मला तिथे नेलं त्या पहिल्याच दिवशी माईंनी मला सांगितलं, "पाह्य वं, दर दिवाळीले एक नवीन पुस्तक येते या घरात. अन संक्रांत आली की थे कपाटात जाते. देवाचं विसर्जन करावं तसं." मास्तर हे ऐकत समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

त्यांना एकही पुस्तक शेवटपर्यंत नेता आलं नव्हतं. पण कुठलं पुस्तक माणसाला कुठल्या पानावर टाकून देतं हे त्यांना पाठ होतं. "हे," एक निळं पुस्तक काढून ते म्हणाले, "हे चांगलं चालते, गोड बोलते, अन अचानक व्याजाचं गणित काढते. ज्याले व्याज येत नाही तो गेला. हे जाडं, हे तीस पानं नुसती मशीनची स्तुती करते. अन हे, ह्याच्यात लेखक दर पानावर म्हनते हे तर सोपं आहे. सोपं आहे म्हननाऱ्यावर भरोसा ठेवू नको."

"मग मी कुठलं घेऊ?"

"आधी तू कोन आहे थे पाहू. मंग पुस्तक पाहू."

माणूस पाहण्याच्या त्यांच्या तऱ्हा विचित्र होत्या, आणि नेहमी बरोबर ठरत असंही नाही. मी यायच्या आधी कुणी नवा इंजिनियर मुलगा त्यांच्याकडे पुस्तक विचारायला आला, तर त्यांनी त्याला घरून कचेरीपर्यंत कसा आलास ते सांगायला लावलं. मुलाने वाटेत रिक्षावाल्याशी झालेलं भांडण रंगवून सांगितलं. मास्तर म्हणाले, "याले गोष्ट सांगता येते, क्रम सांगता येत नाही. सहा महिने पुस्तक घेऊ नको." मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःच एक पुस्तक घेतलं, झपाट्याने शिकला आणि मुंबईला मोठ्या पगारावर गेला. त्याचा विषय निघाला की मास्तर म्हणत, "होते असं बी कधी कधी." त्यांचा सल्ला मात्र त्यामुळे बदलला नाही.

माझ्यासाठी त्यांनी आधी दमाची परीक्षा घेतली. एकेक पुस्तक काढायचं, मधलं पान उघडायचं आणि मी एक वाक्य मोठ्याने वाचायचं. इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येत होतं, एवढंच. वाक्य संपायच्या आत माझा श्वास संपला की ते पुस्तक बाद.

"दम गेला न तुह्या? ठेव थे."

"मास्तर, पण हे प्रोग्रामर साहेबांनी सांगितलेलं पुस्तक आहे."

"चांगलंच असन. साहेबाचा दम मोठा आहे."

माई आतून म्हणाल्या, "अवो, तिले पानी तरी पिऊ द्या. वाचून वाचून लाल झाली ती." मग त्या सांबारवड्या घेऊन बाहेर आल्या. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे तोवर मला कळलं होतं. मास्तर वडी खाता खाता म्हणाले, "कोकनातले लोक मासे खातात, त्यानं दम वाढते म्हनतात. खोटं दिसून राहिलं." मी हसले नाही. त्या दिवसांत मला हसू येत नसे. रात्री झोपताना मला काजूच्या चिकाचा वास येई, इथे आसपास एकही काजू नसताना.

दमाच्या परीक्षेत कपाटातली बरीचशी पुस्तकं गेली. उरली त्यांतही मास्तरांचं समाधान होईना. तेव्हा ते मला रविवारी सीताबर्डीला घेऊन गेले, फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्या एका दुकानदाराकडे. दुकानदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता आणि त्यांना पाहून खूश झाल्याचं दिसत नव्हतं.

"काय गा मास्तर, दिवाळी तर लांब आहे अजून."

"माह्यासाठी नाही. या पोरीसाठी."

मास्तरांनी कोबोलची होती नव्हती ती सगळी पुस्तकं रांगेत मांडली. मग मला म्हणाले, "कागद पाहून तू मशीनवर बोटं चालवते न? तशीच चालव. या पानावरचा प्रोग्राम पाह्य अन चालव."

"कशावर?"

"या डिक्शनरीवर चालव."

मला फार लाज वाटली. रविवारची गर्दी, माणसं येत-जात होती, आणि मी एका जाड शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर बोटं बडवत उभी होते. मास्तर पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर धरून माझ्या बोटांकडे पाहत होते. एका पुस्तकातला प्रोग्राम बारीक तिरक्या अक्षरात छापलेला होता, बोटं अडखळली. दुसऱ्यात शब्द तोडून तोडून दोन ओळींत टाकले होते, बोटं थांबली.

"बाई, थे पेटी नोहे," दुकानदार म्हणाला. "मास्तर, हिले गाण्याच्या क्लासात घाला न. माह्यी डिक्शनरी काहून बडवून राहिली?"

"तुही डिक्शनरी कोनी घेत नाही. बडवू दे."

चौथं-पाचवं पुस्तक असेल. लहानसं, पिवळट कागदाचं, कव्हर उडालेलं. त्यातले प्रोग्राम थेट शीटवर लिहितात तसे मोठ्या सरळ अक्षरात, ओळीखाली ओळ छापले होते. माझी बोटं आपोआप धावायला लागली. ते शब्द मी शेकडो वेळा पाडले होते. पान संपलं तरी बोटं पुढे जायला बघत होती.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "हे."

"पण मास्तर, मला यातलं काही कळलं नाही."

"तुले नाही कळलं. तुह्या बोटांले कळते. थे पुढं गेले, तू मागं राहिली. आता त्यायच्या मागं मागं जा."

ते पुस्तक घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा मी त्यांना माझी खरी भीती सांगितली. मी नववी आहे. परीक्षेला बसताना कुणी सर्टिफिकेट मागितलं तर?

"तुले कोनी इचारलं काय?"

"नाही."

"मंग तू कायले सांगत फिरते? मले बी नको सांगू."

नंतरचे काही महिने मी कचेरी सुटली की महालात जाई. मास्तर पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचत आणि लगेच नागपुरीत सांगत. कोबोलच्या प्रोग्रामचे चार भाग असतात. ते त्यांनी मला असे सांगितले: "समज, भाडेकरू आला घरात. पहिल्या भागात तो आपलं नाव सांगते. दुसऱ्यात कोनत्या घरात राहनार थे. तिसऱ्यात सामान काय काय आनलं त्याची यादी, भांडं कोनतं, पेटी केवढी, सगळं. अन चौथ्यात, आता इथं राहून करनार काय." माझ्या बोटांना ठाऊक असलेले ते लांब शब्द एका संध्याकाळी जागेवर बसले. मला इतकं बरं वाटलं की मी माईंच्या पाया पडले. माई म्हणाल्या, "माह्या काहून पडते वं? माह्यानं तर गॅससुद्धा लागत नाही नीट."

पण चौथ्या भागात मास्तर स्वतः अडत. दर पुस्तकात ते तिथेच अडले होते. छाननीच्या मशीनवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिथे कार्ड कप्प्यात पडताना दिसतं, भोक ओळखणाऱ्या तारेवर बोट ठेवता येतं. इथे पुस्तक म्हणे, आकडा घ्या आणि बेरजेत ठेवा.

"कुठं ठेवला?" मास्तर विचारत.

"मशीनमध्ये."

"मशीनमध्ये कुठं? बोट लावून दाखव. अन आकडा कार्डावरून आत गेला तर कार्डावर कसा राहिला अजून?"

मला त्यात काहीच अडचण वाटत नव्हती. आमच्या पंचिंग मशीनवर एक बटण असे, ते दाबलं की आधीच्या कार्डावरचं पुढच्या कार्डावर जसंच्या तसं उतरे. मूळ कार्ड होतं तसंच राही. मी मास्तरांना तसं सांगितलं.

"तुले पटलं न?"

"हो."

"झालं मंग. चल पुढं."

"पण तुम्हाला?"

"माह्यं सोड. माह्यं पुस्तक अजून यायचं आहे."

हे ते नाराजीने म्हणाले नाहीत. पाऊस यायचा आहे म्हणावं तसं म्हणाले. पण छाननीचा विभागही बंद होणार होता, आणि परीक्षा त्यांनाही होती. हे मी त्या काळात विसरून जायची. माई विसरत नसत. एकदा मास्तर बाहेर गेले असताना त्या मला म्हणाल्या, "तुह्यं झालं की यायले बी शिकव जरा. माह्यं आयकत नाही." मास्तरांना शिकवीन असं मी म्हटलं, आणि घाईत होते म्हणून तेवढ्यावरच राहिलं.

पुस्तकात एक खोट निघाली. प्रोग्रामर साहेबांनी माझ्या हातात ते पाहिलं, चाळलं आणि म्हणाले, "हे दुसऱ्या मशीनसाठीचं आहे. दुसरा भाग आपल्याकडे असा चालणार नाही." मी घाबरले. साहेबांनी तिथेच बसून आमच्या मशीनसाठी काय लिहायचं ते मला कागदावर लिहून दिलं आणि समजावलं. मी मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे साहेबाचं. घर बदललं तर पत्ता बदलते. सामान तेच राहते न?" पुस्तक चुकीचं निवडलं याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

परीक्षा कचेरीतच झाली. प्रश्न एकच होता: कामगारांची कार्डं दिलेली आहेत, त्यांची यादी छापायची आणि खात्याखात्याची बेरीज द्यायची. प्रत्येकाने शीटवर प्रोग्राम लिहायचा, कार्डं पाडून घ्यायची आणि मशीनवर चालवायला द्यायची. दोन फेऱ्या मिळणार. पहिल्या फेरीत चुका आल्या तर दुरुस्त करून दुसरी. दुसऱ्या फेरीत छापून आलं तर पास. आम्हा पंचिंगवाल्या मुलींना प्रोग्रामर साहेबांनी आपापली कार्डं आपणच पाडायला सांगितली. मशीन चालवायला मास्तरांशिवाय दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतः उमेदवार असूनही आमचे गठ्ठे घेत आणि कागद आणून देत होते.

मी शीट लिहिली. मग मशीनवर बसून पाडायला लागले. चौथ्या भागात आले, तिथे मी खात्याच्या बेरजेत पगार मिळवला होता. ती ओळ पाडताना मला लख्ख दिसलं की तिसऱ्या भागात, सामानाच्या यादीत, ही बेरीज मी लिहिलीच नाही. मशीनला ती ठाऊकच असणार नाही. हे दिसलं, आणि माझी बोटं पुढची ओळ पाडत राहिली. सगळी पाडली. गठ्ठ्याला रबर लावून मी तो मास्तरांच्या हातात दिला.

कागद परत आला तेव्हा त्यावर खालपासून वरपर्यंत एकच तक्रार होती. हे नाव माहीत नाही, हे नाव माहीत नाही. मास्तर माझ्या टेबलाशी उभे होते.

"मला पाडतानाच दिसलं होतं," मी म्हटलं.

"मंग?"

"शीटवर नव्हतं."

"शीट कोनाची होती वं?"

"माझी."

"मंग कोनाले इचारायचं होतं तुले?"

खोलीच्या टोकावरून साहेब म्हणाले, "मास्तर, बोलायचं नाही."

"मी कुठं बोलून राहिलो साहेब. मी इचारून राहिलो."

मी शीटवर ती ओळ लिहिली. कुणी न सांगता मी कागदावर काही घालत होते, असं पहिल्यांदाच. मग त्या ओळीचं कार्ड पाडलं, गठ्ठ्यात जागेवर घातलं, आणि मग सगळी कार्डं एकदा वाचून पाहिली, म्हणजे खरोखर वाचली. आणखी एका ठिकाणी शीर्षक छापायचं राहिलं होतं, तेही घातलं. दुसऱ्या फेरीत यादी आली. खालच्या बेरजा बरोबर होत्या. तो कागद मास्तरांनी मला दिला नाही, थेट साहेबांकडे नेला आणि त्यांच्यासमोर उलगडून धरला.

मला ठेवलं. घरी कळवलं. ते स्थळ नंतर दुसरीकडे झालं आणि त्यांचं चांगलं चाललं आहे असं ऐकते.

मास्तरांचं काय झालं ते मला साहेबांनी सांगितलं. मास्तरांच्या शीटचे पहिले तीन भाग सगळ्या उमेदवारांत उत्तम होते. अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही. चौथा भाग कोरा. साहेब त्यांना म्हणाले होते, मास्तर, चौथ्यात काहीही लिहा, दोन ओळी लिहा, मी पाहून घेतो. मास्तर म्हणाले, "काहीही कसं लिहू साहेब? आकडा कुठं ठेवला थे मले दिसत नाही अजून."

त्यांना आवक-जावकच्या टेबलावर जागा देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. छाननीचं मशीन ट्रकवर चढवलं त्या दिवशी ते ट्रकपाशी उभे राहून हमालांना सांगत होते, कुठे धरा, कुठे धरू नका. मग स्वेटर पिशवीत घातला आणि गेले. आठवड्याने माई आणि ते रामटेकला राहायला गेले. तिथे त्यांच्या मेहुण्यांची धानाची गिरणी आहे. मला निरोप द्यायला ते आले नाहीत, मीही गेले नाही. मला नवीन कामाची इतकी धास्ती होती की दुसरं काही सुचत नव्हतं. नंतर बाजारात माईंची भाची भेटली. तिने सांगितलं की मास्तर गिरणीत खूश आहेत, तिथे दाणा कुठून कुठे जातो ते सगळं दिसतं. पण दिवाळीला त्यांनी यंदाही पुस्तक आणवलं.

आता आमच्याकडे कार्डं नाहीत. टेबलावर ठेवायची छोटी यंत्रं आली आहेत, त्यांना टीव्हीसारखा पडदा आहे. परवा मी एक प्रोग्राम लिहिला, तो बेरीज करता करता दर वेळी ती पडद्यावर दाखवतो. एका चौकटीत आलेला आकडा, शेजारच्या चौकटीत बेरीज. पहिला जागेवर राहतो, दुसरा वाढत जातो. मी तो पुन्हा पुन्हा चालवत बसले. साहेबांनी विचारलं, "हे कशासाठी? कुणी मागितलंय का?" मी म्हटलं, नाही. मग त्यांना विचारलं की एखाद्या रविवारी बाहेरच्या माणसाला इथे आणून बसवलं तर चालेल का. कोण माणूस हे त्यांनी विचारलं नाही. चालेल म्हणाले.

सीताबर्डीच्या त्या दुकानदाराकडे मी हल्ली जाते. नवीन यंत्रांची पुस्तकं येतात त्याच्याकडे. मी ती एकेक उघडून चौथ्या भागासारखा जो भाग असेल तो आधी पाहते, लेखक आकडा कुठे ठेवतो ते दाखवतो की नुसतं सांगतो. बहुतेक नुसतंच सांगतात. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्हाले तर येते आता. कायले शोधून राहिल्या?" मी म्हटलं, "मास्तरांसाठी." तो हसला नाही. "आलं तर बाजूले काढून ठेवतो," म्हणाला.

अजून आलेलं नाही. पण आलं की मी रामटेकची बस पकडणार आहे. नाही आलं तरी पकडणार आहे. त्यांना इथे आणून त्या पडद्यासमोर बसवीन, आकड्यावर बोट लावून दाखवीन, आणि चौथा भाग त्यांच्याकडून त्यांच्या अक्षरात लिहून घेईन. केव्हा, ते आज मला सांगता येत नाही, कारण रविवारीही काम निघतं आणि मला नाही म्हणायची अजून भीती वाटते. पण हे मी माईंना एकदा कबूल केलेलं आहे, आणि ते करणार आहे.